न दिसणं आणि नसणं

गणितातले काही प्रश्न नुसते मांडले तरी वाटतं, हे सुटत कसे असतील? असा एक प्रश्न गेली वीसेक वर्षं नियंत्रणशास्त्राच्या नियतकालिकांतून पुन्हा पुन्हा येतो आहे. एकमेकींत गुंतलेल्या चेतापेशींचं एक जाळं आहे. खऱ्या पेशींचं असेल किंवा कागदावरच्या समीकरणांचं. त्याच्या आतली अवस्था थेट दिसत नाही. त्यातून हे जाळं कायम एकाच नियमाने चालत नाही. नियमांचे दोन-चार संच आहेत, आणि एकावरून दुसऱ्यावर ते मधूनच, कुठलीही वर्दी न देता उडी मारतं. ही उडीही दिसत नाही. हाताशी आहेत फक्त सेन्सर, आणि तेही सदोष. कधी त्यांचं मोजमाप वाटेतच हरवतं, कधी उशिरा पोचतं, कधी ठरावीक मर्यादेपुढे काटा सरकतच नाही, आणि जे पोचतं त्यात गोंगाट मिसळलेला असतो. तर आता सांगा, या क्षणी आत नेमकं काय चाललं आहे?

या विषयावरचे शोधनिबंध रूक्ष असतात. पानंच्या पानं मॅट्रिक्सच्या असमानता, आणि शेवटी दोन-तीन आलेख. तरीही मला ते वाचताना आपल्या दर्शनकारांची आठवण होत राहते. ज्ञान कशाला म्हणायचं, ज्ञानाचं साधन सदोष असेल तर काय करायचं, आणि काहीच कळलं नाही तर त्या न कळण्यातून काही कळतं का, हेच प्रश्न तिथे वेगळ्या लिपीत मांडलेले असतात. दर्शनकारांना वाद घालायला पिढ्या मिळाल्या. इथे उत्तर सेकंदाच्या आत द्यावं लागतं आणि पुढच्या सेकंदाला ते दुरुस्त करावं लागतं.

कागदाबाहेर हा प्रश्न पाहायचा असेल तर ग्योटिंगेनच्या प्रयोगशाळेत डोकवावं. १९७६ साली एर्विन नेहर आणि बेर्ट साकमान यांनी बेडकाच्या स्नायुपेशीच्या आवरणावर काचेच्या नळीचं काही मायक्रोमीटर रुंदीचं टोक टेकवलं आणि त्या टोकाखाली सापडलेल्या एकेका आयन चॅनलमधून, म्हणजे आवरणातल्या विद्युतभारित कणांच्या सूक्ष्म वाटेतून, वाहणारा विद्युतप्रवाह मोजला. प्रवाह काही पिकोअँपिअरचा. एक पिकोअँपिअर म्हणजे अँपिअरचा एक लाख कोटीवा भाग. त्या नोंदीचा कागद आजही पाहण्यासारखा आहे. रेषा बराच वेळ सपाट चालते, मग एकदम एक पायरी उतरते, थोडा वेळ त्या पातळीवर राहते आणि पुन्हा एकदम वर येते. अधली-मधली पातळी जवळजवळ नाहीच. चॅनल उघडा तरी असतो किंवा बंद तरी. किती वेळ उघडा राहील आणि केव्हा मिटेल याला कुठलंही वेळापत्रक नाही. सांगता येतात त्या फक्त संभाव्यता.

त्याआधी, १९५२ साली, हॉजकिन आणि हक्सली यांनी स्क्विडच्या जाड चेतातंतूवर प्रयोग करून चेतासंदेशाची समीकरणं लिहिली होती. त्यांतले वक्र अगदी सलग, गुळगुळीत होते. तो गुळगुळीतपणा खोटा नव्हता. असंख्य चॅनलांची ती बेरीज होती. पण त्या बेरजेच्या तळाशी उड्याच उड्या होत्या, हे नेहर-साकमान यांच्या नोंदींनी डोळ्यांसमोर आणलं. १९९१ साली त्यांना नोबेल मिळालं. मला मात्र त्या कामापेक्षा त्यातून उभी राहिलेली एक अडचण जास्त विचार करायला लावते. प्रवाह इतका सूक्ष्म की गोंगाट कमी करायला तो गाळून घ्यावा लागतो, आणि गाळला की फार अल्पकाळ टिकणारी घटना नोंदीत उमटत नाही. समजा चॅनल उघडला, मध्येच निमिषमात्र मिटला आणि पुन्हा उघडला. ते मिटणं उपकरणाच्या पकडीत आलं नाही, तर कागदावर दोन छोट्या उघडण्यांऐवजी एकच लांबलचक उघडणं दिसतं. म्हणजे उपकरणाला जितकं कमी दिसतं, तितका चॅनल अधिक शांत आणि अधिक स्थिर भासतो. लंडनच्या डेव्हिड कोलकून यांनी संख्याशास्त्रज्ञ अ‍ॅलन हॉक्स यांच्यासोबत कित्येक वर्षं या सुटलेल्या घटनांच्या गणितावर काढली. उपकरण कुठे आंधळं आहे हे नेमकं माहीत असेल, तर त्या आंधळेपणाचा हिशेब करून खऱ्या वेळांकडे परत जाता येतं, हे त्या कामाचं सार.

सदोष सेन्सर म्हटलं की आपल्या मनात येतो तो थरथरणारा काटा. पण थरथर परवडते, सरासरीत ती बरीचशी विरून जाते. घातक असतो तो एकाच बाजूला झुकणारा दोष, जो जगाला आहे त्यापेक्षा शांत दाखवतो.

अशा उड्यांचं गणित ज्याच्या नावाने ओळखलं जातं तो आंद्रेई मार्कोव. त्याच्या विचाराचं मूळ एका वादात आहे. मॉस्कोचे गणिती पावेल नेक्रासोव यांचं म्हणणं होतं की मोठ्या संख्यांचा नियम, म्हणजे नोंदी वाढत गेल्या की सरासरी स्थिरावते तो, लागू पडायला घटना परस्परांपासून स्वतंत्र असाव्या लागतात. समाजाच्या आकडेवारीत तो नियम दिसतो, अर्थात माणसाची इच्छा स्वतंत्र आहे. मार्कोव कट्टर नास्तिक आणि स्वभावाने भांडखोर. स्वातंत्र्याची ही अट गरजेची नाही हे दाखवायला त्याने १९०६ साली एकमेकांवर अवलंबून असलेल्या घटनांच्या साखळ्या रचल्या. पुढची घटना आत्ताच्या अवस्थेवर अवलंबून, त्यामागच्या इतिहासावर नाही, एवढीच त्या साखळीची अट. मग १९१३च्या जानेवारीत सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीपुढे त्याने एक विलक्षण गोष्ट मांडली. पुश्किनच्या ‘येवगेनी ओनेगिन’ या काव्य-कादंबरीतली पहिली २०,००० अक्षरं त्याने घेतली, दहा-दहाच्या चौकटींत भरली, अशी २०० कोष्टकं केली आणि स्वर किती, व्यंजनं किती ते मोजलं. स्वर भरले ८,६३८ आणि व्यंजनं ११,३६२. म्हणजे कुठलंही अक्षर उचललं तर ते स्वर असण्याची शक्यता सुमारे ०.४३. पण आधीचं अक्षर स्वर असेल तर पुढचाही स्वर असण्याची शक्यता फक्त ०.१२८, आणि आधीचं व्यंजन असेल तर ०.६६३.

पुश्किनचे चाहते यावर चिडले असतील तर त्यांना दोष देता येणार नाही. पण त्या कोष्टकांत एक मोठी गोष्ट दडलेली होती. यदृच्छा आणि अनागोंदी एक नव्हेत. पुढे काय होईल ते सांगता येत नसलं तरी उड्यांनाही स्वभाव असतो, आणि तो मोजता येतो. चॅनलचं उघडणं-मिटणं याच साखळीने मांडतात. आपला मोसमी पाऊसही सक्रिय काळ आणि खंड यांच्यामध्ये असाच ये-जा करतो. आज खंड असेल तर उद्याही खंडच राहण्याचा संभव अधिक, पण तो केव्हा मोडेल ते आदल्या दिवशी सांगता येत नाही. मराठवाड्यात दुबार पेरणीचा निर्णय घेणारा शेतकरी खरं तर हाच अंदाज बांधत असतो. हवेची चाल आत्ता कुठल्या नियमाने चालू आहे, ती खरोखर बदलली आहे, की कालची सर नुसतीच चुकार होती?

आता अंदाजाकडे वळू. विस्कळीत निरीक्षणांतून न दिसणाऱ्या अवस्थेपर्यंत पोचायची वाट जुनी आहे. १८०१ साली खगोलशास्त्रज्ञ पियाझ्झी यांना पालेर्मोहून सेरेस हा लघुग्रह दिसला, एक्केचाळीस दिवसांनी तो सूर्याच्या झगमगाटात हरवला, आणि चोवीस वर्षांच्या गाउसने तेवढ्या तुटपुंज्या नोंदींवरून तो कुठे उगवेल ते काढून दिलं. डिसेंबरात तो तिथेच जवळपास सापडला. १९६० साली रुडॉल्फ काल्मन यांनी ही वाट धावत्या हिशेबात बसवली. मागचं सगळं निरीक्षण साठवून ठेवायची गरजच उरली नाही. आत्ताचा अंदाज जवळ असला की नवं मोजमाप आल्यावर तो तिथल्या तिथे सुधारता येतो. थोड्याच काळात नासाच्या एम्स केंद्रातल्या स्टॅन्ली श्मिट यांनी ही रीत चंद्राच्या प्रवासासाठी घासूनपुसून घेतली, आणि अपोलोच्या चिमुकल्या संगणकात ती जाऊन बसली.

काल्मनच्या रीतीत एक गोष्ट आहे जी मला तिच्या सगळ्या उपयुक्ततेहून मोठी वाटते. या रीतीला काल्मन फिल्टर म्हणतात, आणि हा फिल्टर कधीच एकटा आकडा सांगत नाही. प्रत्येक अंदाजाबरोबर तो आपल्या अनिश्चिततेचं मापही घेऊन चालतो. अवस्था अमुक असावी, आणि मी इतका चुकू शकतो, अशी दोन विधानं प्रत्येक पावलाला जोडीने पुढे जातात. नवं मोजमाप आलं की त्याला किती वजन द्यायचं ते या दुसऱ्या आकड्यावरून ठरतं. स्वतःवर फारसा भरवसा नसेल तर मोजमापाकडे झुकायचं, मोजमाप गढूळ असेल तर आपल्या अंदाजाला धरून राहायचं. आणि मोजमाप आलंच नाही, तर अंदाज नियमाप्रमाणे एक पाऊल पुढे ढकलायचा आणि अनिश्चितता मात्र वाढवायची. माझं ज्ञान आता जुनं होत चाललं आहे, ही कबुली त्या बीजगणितातच गुंफलेली आहे.

जाळ्याचे नियम बदलू लागले की ही सुंदर रचना अडचणीत येते. समजा नियमांचे दोनच संच आहेत. पहिल्या पावलाला दोन शक्यता, दुसऱ्याला चार, तिसऱ्याला आठ. खरा इतिहास कुठला ते ठाऊक नसल्याने प्रत्येक शक्य इतिहासासाठी एक स्वतंत्र फिल्टर चालवावा लागेल. तिसाव्या पावलाला त्यांची संख्या १०७ कोटींच्या वर जाते. सेकंदाला दहा मोजमापं येत असतील तर ही वेळ तीन सेकंदांत येते. नेमकं उत्तर अस्तित्वात आहे, लिहूनही दाखवता येतं, पण ते कुणालाच परवडणारं नाही. यावर १९८८ साली हेंक ब्लोम आणि याकोव बार-शालोम यांनी काढलेली तोड अजून रडारमागच्या संगणकांत वापरात आहे. विमान सरळ उडत असेल किंवा वळत असेल. दोन्ही शक्यतांसाठी एकेक फिल्टर ठेवायचा, प्रत्येकाला त्याच्या विश्वासार्हतेइतकं वजन द्यायचं, आणि दर पावलाला नवा हिशेब सुरू होण्यापूर्वी दोघांचे अंदाज संक्रमणाच्या संभाव्यतांप्रमाणे एकमेकांत मिसळायचे. ज्याचं भाकीत आलेल्या मोजमापाशी जुळतं त्याचं वजन वाढतं. दुसऱ्याचं घटतं, पण शून्य होत नाही. नाकारलेली शक्यता अशी थोडीशी जिवंत ठेवली नाही, तर विमान खरोखर वळतं तेव्हा फिल्टर आपल्याच खात्रीत अडकून पडतो.

या वाटेवरचं सर्वांत अवघड वळण मोजमाप हरवण्याचं आहे. १९६९ साली नासेर नाही यांनी या प्रश्नाला हात घातला: सेन्सरकडून आलेल्या आकड्यात खरा संकेत असेलच असं नाही, कधी कधी तो नुसता गोंगाट असेल, आणि कुठल्या वेळी काय ते कळायला मार्ग नाही. पुढे संगणकांच्या जाळ्यांमधून मोजमापं धावू लागली तेव्हा २००४ साली ब्रूनो सिनोपोली आणि सहकाऱ्यांनी एक उंबरठा दाखवून दिला. आपोआप भडकत जाणारी एखादी साधी, एकाच राशीची व्यवस्था घ्या, जी दर पावलाला दुप्पट होते. मोजमाप पोचण्याची शक्यता पाऊण, म्हणजे ७५ टक्के, यापेक्षा कमी झाली की अंदाजाच्या अपेक्षित चुकीला कुठलीही मर्यादा उरत नाही. तीच व्यवस्था दर पावलाला दहाच टक्क्यांनी वाढत असेल तर सुमारे १७ टक्के मोजमापं पोचली तरी निभावतं. किती आंधळेपणा सोसेल हे डोळ्यावर ठरत नाही. ज्याच्याकडे पाहायचं आहे ते किती वेगाने हातातून निसटतं, त्यावर ठरतं. ही गोष्ट मला अनेक दिवस सोडत नव्हती.

पण या हिशेबात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. मोजमाप हरवलं, हे फिल्टरला कळतं. ते कळलं नाही तर? सेन्सर गप्प आहे की सेन्सर ‘शून्य’ म्हणतो आहे, यांतला भेद पुसला गेला तर?

महसूल मंडळाच्या ठिकाणी उभ्या असलेल्या पर्जन्यमापकाचं उदाहरण घेऊ. स्वयंचलित मापकात एक छोटी झुलती पन्हळ असते. ठरलेल्या मापाचं पाणी साचलं की ती कलंडते, दुसरी बाजू वर येते, आणि प्रत्येक कलंडण्याची नोंद होते. वरच्या नरसाळ्यात पाला अडकला की पाऊस कोसळत असतानाही नोंद शून्यच राहते. उलट अतिमुसळधार पावसात पन्हळ कलंडत असतानाच्या क्षणांत पाणी वाया जातं आणि नोंद खऱ्यापेक्षा कमी भरते. नेमका तेव्हा, जेव्हा चोवीस तासांत ६५ मिलिमीटरची अतिवृष्टीची रेषा ओलांडली की नाही यावर शेतकऱ्याचा पंचनामा ठरायचा असतो. वहीत मात्र कोरड्या दिवसाचं शून्य आणि तुंबलेल्या नरसाळ्याचं शून्य अगदी सारखं दिसतं.

न दिसण्याचा हाच प्रश्न दर्शनकारांनीही हाताळला. कुमारिल भट्टांच्या परंपरेतल्या मीमांसकांनी प्रत्यक्ष, अनुमान वगैरे पाच प्रमाणांपलीकडे, म्हणजे ज्ञानाच्या साधनांपलीकडे, सहावं प्रमाण मानलं ते अनुपलब्धी. जमिनीवर घडा नाही हे कशाने कळतं? घडा न दिसण्याने. पण पुढच्या चर्चेत त्याला एक काटेकोर अट जोडली गेली: घडा असता तर तो दिसला असता, अशी परिस्थिती हवी. उजेड हवा, डोळे धड हवेत, मध्ये आडोसा नको. अंधारात घडा दिसला नाही, तर त्यावरून घड्याबद्दल काहीच सिद्ध होत नाही. बौद्ध आचार्य धर्मकीर्तींनी अनुपलब्धीला वेगळं प्रमाण न मानता अनुमानातच जागा दिली, पण अट त्यांनीही तीच घातली. पिशाच मुळात दिसण्याजोगंच नाही. तेव्हा ते दिसलं नाही एवढ्यावरून ते नाही असं म्हणता येत नाही. दोन्ही पक्ष पिढ्यानपिढ्या एकमेकांशी भांडले आणि या अटीवर मात्र एक झाले. आजच्या अभियंत्याला हा वाद ऐकवला तर त्याला त्यात आपलाच प्रश्न सापडेल, कारण हरवलेल्या मोजमापांच्या सगळ्या शास्त्राचा पाया हीच अट आहे.

ही अट मोडली की काय होतं त्याचं मला माहीत असलेलं सर्वांत दारुण उदाहरण एअर फ्रान्सच्या ४४७ क्रमांकाच्या उड्डाणाचं आहे. ३१ मे २००९च्या रात्री एअरबस ए-३३० जातीचं हे विमान रिओ द जानेरोहून पॅरिसला निघालं. अटलांटिक महासागरावर, सुमारे ३५,००० फुटांवर, ढगांतल्या हिमस्फटिकांनी त्याच्या पिटो नळ्या तुंबल्या. या नळ्या समोरून येणाऱ्या हवेच्या दाबावरून वेग सांगतात. विमानाला तशा तीन होत्या. एक बिघडली तर दुसऱ्या दोघींवरून खरं-खोटं करता यावं म्हणून. पण एकाच कारणाने सगळ्याच बाधित झाल्या तर तीन साक्षीदार असून उपयोग नसतो. जागतिक वेळेनुसार पहाटे २ वाजून १० मिनिटं ५ सेकंदांनी स्वयंचालक सुटला. त्याबरोबर विमानाचे नियंत्रणनियमही बदलले: एरवी वैमानिकाने कितीही नाक वर उचललं तरी संगणक विमानाला स्टॉलमध्ये, म्हणजे पंखांवरचा हवेचा आधार सुटण्याच्या स्थितीत, जाऊ देत नाही, नव्या नियमसंचात ते संरक्षण नव्हतं. सेन्सर सदोष झाला आणि त्याच क्षणी जाळ्याने नियम बदलला. आपला अवघड प्रश्न इथे माणसांच्या हातात येऊन पडला होता.

वेगाची चुकीची नोंद एक मिनिटही टिकली नाही. पण तेवढ्यात नाक वर उचललं गेलं, विमान ३८,००० फुटांजवळ चढलं, वेग घटला आणि पंखांवरचा आधार सुटला. स्टॉलची सूचना सलग ५४ सेकंद वाजत होती. त्यानंतर ती थांबली. विमान सावरलं म्हणून नव्हे. हवा आता इतक्या उभ्या कोनातून येत होती की मोजलेला वेग ६० नॉटच्या खाली गेला, आणि त्या वेगाखाली कोनाचा सेन्सर सांगतो ते ग्राह्य धरायचं नाही असा नियम होता. नियम तसा शहाणपणाचाच. इतक्या कमी वेगाला त्या सेन्सरवर भरवसा ठेवता येत नाही. पण त्याचा परिणाम असा झाला की विमान स्टॉलमध्ये सर्वांत खोल असताना कॉकपिटमध्ये ती सूचना नव्हती, आणि नाक किंचित खाली दाबलं, म्हणजे योग्य तेच केलं, की वेग पुन्हा ग्राह्य होऊन सूचना वाजू लागायची. बरोबर कृतीला ताकीद आणि चुकीच्या कृतीला शांतता, असा उलटा धडा ते यंत्र देत होतं. २ वाजून १४ मिनिटं २८ सेकंदांनी विमान समुद्रावर आदळलं. २२८ जण गेले. उड्डाणाच्या नोंदी २०११ साली सुमारे ३,९०० मीटर खोल तळातून वर काढल्या गेल्या आणि फ्रेंच तपास संस्थेचा अंतिम अहवाल २०१२च्या जुलैत आला.

दुर्घटनेचं सगळं खापर या एका नियमावर फोडता येणार नाही. सूचना वाजत होती त्या ५४ सेकंदांतही ती मनावर घेतली गेली नव्हती, प्रशिक्षणाच्या त्रुटी होत्या, अंधार होता, गोंधळ होता. तरी त्या शांततेपाशी मी थांबतो. ‘धोका नाही’ आणि ‘धोका आहे की नाही हे मला सांगता येत नाही’ या दोन संपूर्ण वेगळ्या अवस्थांसाठी त्या यंत्राकडे एकच उच्चार होता: गप्प राहणं. काल्मनचा फिल्टर जो दुसरा आकडा सतत बरोबर वागवतो, तो इथे माणसापर्यंत पोचलाच नाही. त्या चार मिनिटांत यंत्राने ‘मला आता दिसत नाही’ असं ठणकावून सांगितलं असतं तर कदाचित काही वेगळं झालं असतं. कदाचित नसतंही. पण ते सांगणं यंत्राचं कर्तव्य होतं असं मला ठामपणे वाटतं.

मग बदलत्या जाळ्यांचं हे गणित शेवटी हमी कशाची देतं? खरी अवस्था सापडेल अशी हमी ते देत नाही. १८९२ साली अलेक्सांदर ल्यापुनोव यांनी आपल्या प्रबंधात स्थैर्याची एक कसोटी दिली. मार्कोव आणि ल्यापुनोव दोघेही चेबिशेव यांचे शिष्य. या विषयाचे दोन खांब एकाच गुरूच्या घरातून आलेले आहेत. वाटीत सोडलेली गोटी डुचमळत का होईना तळाशीच येते, कारण तिची ऊर्जा घटत जाते. तशी सतत घटत जाणारी एखादी राशी शोधून काढली, की प्रत्येक हालचाल न सोडवताही स्थैर्य सिद्ध होतं. १९८२ साली जॉन हॉपफिल्ड यांनी आपल्या न्यूरल नेटवर्कसाठी लिहिलेली ऊर्जा ही अशीच राशी होती. २०२४चं भौतिकीचं नोबेल जेफ्री हिंटन यांच्यासह त्यांना मिळालं ते या वाटेवरच्या कामाबद्दल. अवस्थेचा अंदाज बांधणारे इथे गोटीच्या जागी चूक ठेवतात: खरी अवस्था आणि अंदाज यांतलं अंतर. ते अंतर सरासरीने आटत जाईल, किंवा निदान एका मर्यादेत राहील, एवढं सिद्ध करायचं.

नियम बदलणाऱ्या जाळ्यात ही सिद्धता फसवी होते. प्रत्येक नियमसंच सुटा पाहिला तर स्थिर, आणि त्यांच्यात अदलाबदल होत राहिली की सगळी व्यवस्था भडकते, असं घडू शकतं. एका वाटीच्या उताराने गोटी जिथे सुखरूप आली, ती जागा दुसऱ्या वाटीच्या काठावर असते. उलटही घडतं: सुटा पाहिला तर बेभान वाटणारा नियम, पण जाळं तिथे इतका कमी काळ रेंगाळतं की एकूण बेरीज आटोक्यात राहते. त्यामुळे घटत जाणारी राशी प्रत्येक नियमासाठी वेगळी निवडावी लागते आणि उडीची संभाव्यताही त्या हिशेबात धरावी लागते. आणि ही हमी सरासरीची आहे. एखाद्या दुर्दैवी दिवशी, एकामागून एक मोजमापं हरवली, तर चूक कुठवर जाईल याबद्दल सरासरी मूग गिळून बसते.

या सगळ्याचा माणसाच्या मेंदूशी थेट संबंध जिथे येतो ते काम मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. २०१२च्या मे महिन्यात ‘नेचर’मध्ये ब्रेनगेट गटाचा प्रयोग छापून आला. जवळपास पंधरा वर्षांपूर्वीच्या पक्षाघाताने हात-पायांची हालचाल आणि वाचा गमावलेल्या एका स्त्रीने नुसत्या मनातल्या इराद्याने यांत्रिक हात हलवला, बाटली उचलली आणि नळीने कॉफी प्यायली. सहा प्रयत्नांपैकी चार साधले. तिच्या मेंदूच्या हालचाल-विभागावर चार मिलिमीटर लांब-रुंद अशी ९६ इलेक्ट्रोडची चिप पाच वर्षांहून अधिक काळ बसवलेली होती. कोट्यवधी चेतापेशींच्या जाळ्यातल्या मूठभर पेशींचे ठोके ऐकायचे आणि त्यावरून हाताने कुठे, किती वेगाने जायचं ते ठरवायचं. हाताच्या वेगाचा हा अंदाज बांधणारा होता काल्मनचाच फिल्टर. पकडायचं केव्हा, हे ठरवायला वेगळी व्यवस्था होती. पाच वर्षांत इलेक्ट्रोडचे संकेत क्षीण झाले होते, ऐकू येणाऱ्या पेशी बदलत होत्या, म्हणून प्रत्येक बैठकीच्या सुरुवातीला फिल्टर नव्याने जुळवून घ्यावा लागे.

दर वेळी तंत्रज्ञ येऊन जुळणी करेल असं घरी चालणार नाही. वापर चालू असतानाच फिल्टरने स्वतःला जुळवून घ्यावं, या दिशेने गेली काही वर्षं काम चालू आहे. तिथे मूळ प्रश्न पूर्ण ताकदीने समोर येतो. एका इलेक्ट्रोडवरचे ठोके अचानक बदलले, तर मेंदूनेच चाल बदलली? माणूस हात हलवायचं थांबवून कुणाचं बोलणं ऐकू लागला असेल, कंटाळला असेल, पेंगला असेल. की ती एक तार कायमची मुकी झाली? पडद्यावर दोन्ही अगदी सारखं दिसतं. फरक फक्त काळात आहे. मार्कोवच्या साखळीने अवस्थांमध्ये ये-जा करणारा मेंदू आज ना उद्या जुन्या चालीवर परत येतो, मेलेली तार येत नाही. घाईने तार मेली असं ठरवलं तर फिल्टर एक जिवंत साक्षीदार गमावतो. ती जिवंत आहे असं धरून बसला तर तिच्या गप्प राहण्याचा अर्थ ‘हात हलवू नकोस’ असा लावतो, आणि त्या स्त्रीचा हात बाटलीपाशी पोचण्याआधीच थबकतो. म्हणून दोन्ही शक्यता आपापल्या वजनासह काही काळ शेजारी शेजारी चालू द्याव्या लागतात, आणि तेवढा वेळ अनिश्चितता वाढलेली ठेवून हात हळू चालवावा लागतो. किती काळ, याचं उत्तर त्या माणसाच्या थांबण्या-चालण्याच्या सवयींत असतं, आणि त्या प्रत्येकाच्या निराळ्या असल्यामुळे फिल्टरला त्याही त्याच अपुऱ्या ठोक्यांमधून शिकाव्या लागतात.